विक्रेत्याने उलट आकडा सांगितला, आता पुढे?

प्रश्न : एक घर आम्हाला मनापासून आवडले आहे. सांगितलेली किंमत १०० धरली, तर आम्ही ९० देऊ केले. विक्रेत्याचे लेखी उत्तर आले आहे : किंमत ९७, ताबा चार महिन्यांनी, स्वयंपाकघरातील कपाटे ते काढून नेणार आणि निर्णयासाठी तीन दिवस. यजमान म्हणतात, मधला आकडा सांगून मोकळे होऊ. मला वाटते, आणखी ताणून पाहावे. फिसकटलेच तर ९७ ला हो म्हणता येईल. कोणाचे बरोबर? — एक वाचक

उत्तर : चुकते दोघांचेही आहे, पण आपली चूक अधिक महागात पडणारी आहे. इंग्रजी करार-कायद्याच्या वळणाने चालणाऱ्या देशांत आपण उलट आकडा सांगताच समोरचा प्रस्ताव संपतो. १८४० सालच्या ‘हाइड विरुद्ध रेंच’ या खटल्यात रेंचने आपली शेतजमीन १००० पौंडांना देऊ केली, हाइडने ९५० सांगितले आणि त्याला नकार आल्यावर तो १००० द्यायला तयार झाला. परंतु पहिला प्रस्ताव त्याने स्वतःच मोडीत काढला असल्याने करार झालाच नाही, असे न्यायालयाने ठरवले. तेव्हा ९७ हा आकडा आपली वाट पाहत थांबेल, असे गृहीत धरू नका.

आता यजमानांचा मध्य. तो साडेत्र्याण्णव येतो खरा, पण तो दोन आकड्यांचा मध्य आहे, घराचे मोल नव्हे. आपण ८६ पासून सुरुवात केली असती, तर तोच साडेएक्क्याण्णव आला असता. शिवाय आपण तो बोलून दाखवला आणि विक्रेत्याने ‘आता यातही निम्मे-निम्मे करू’ म्हटले, की आपण सव्वापंच्याण्णववर पोहोचलात. विक्रेता १०० वरून ३ ने उतरला आहे. आपण २ ने चढावे आणि पुढची प्रत्येक पायरी आणखी लहान ठेवावी.

मला तर त्या उत्तरात किमतीपेक्षा ताब्याची अट अधिक बोलकी वाटली. चार महिने मागणाऱ्याची स्वतःची पुढची सोय बहुधा अजून झालेली नसते, आणि आपल्याला घाई नसेल तर ही मुदत त्याला देणे हे आपल्या हातातले खणखणीत नाणे आहे. (आपण भाड्याने राहत असाल, तर मात्र चार महिन्यांचे भाडे आधी किमतीत मिळवून पाहा.) हे नाणे फुकट खर्चू नका. ‘चार महिने मान्य, कपाटे जागेवर राहतील, किंमत ९२’ असे तिन्ही एकाच पत्रात, एकमेकांवर अवलंबून आहेत हे स्पष्ट करून लिहा; एकेक अट सुटी बोलत गेलात, तर प्रत्येक सवलत विक्रेता पदरात पाडून घेईल आणि किमतीचा विषय पुन्हा नव्याने निघेल.

पत्र पाठवण्यापूर्वी आपला शेवटचा आकडा दोघांनी मिळून कागदावर लिहून ठेवावा. कर्ज घेणार असाल, तर बँक स्वतःच्या मूल्यांकनाकडेही पाहते आणि ते ठरलेल्या किमतीहून कमी आले की वरची तफावत खिशातून भरावी लागते, हे त्या आकड्यात धरा. पत्रात उत्तराची मुदत घाला, व्यवहार कर्जमंजुरीवर अवलंबून असल्याचे नमूद करा आणि ‘कपाटे’ एवढेच न लिहिता कोणत्या भिंतीवरची, किती आणि शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा त्यांत धरला आहे की नाही, तेही लिहा.