लाइव्ह ग्राफ अडखळतो, काय करू?

प्रश्न: नमस्कार सर, मी नाशिकला अंबड एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर बघतो. मशीनच्या व्हायब्रेशनचा लाइव्ह ग्राफ दाखवायचाय, सी शार्प आणि विनफॉर्म्समध्ये (विंडोजचे प्रोग्राम बनवायची मायक्रोसॉफ्टची चौकट) करतोय, पॅनलवर ड्रॉलाइनने एकेक रेघ मारतो. सुरुवातीला नीट चालतं पण लाखभर पॉइंट झाले की ग्राफ लुकलुकतो आणि बटणंसुद्धा दाबली जात नाहीत. मालकांना चांगलं ग्राफिक्स कार्ड घ्यायला सांगू का?
– एक वाचक, अंबड

उत्तर: कार्डावर पैसे घालू नका. विनफॉर्म्समधलं चित्र जीडीआय प्लस (विंडोजची चित्रं काढायची जुनी लायब्ररी) काढतं आणि त्याचं जवळपास सगळं काम प्रोसेसरवरच होतं, कार्ड नुसतं बसून राहील.

लुकलुकणं आधी घालवू, ते सोपंय. बॅकग्राउंड पुसलं जातं, मग त्यावर रेघा येतात, आणि हे दोन्ही आपल्याला दिसतं म्हणून ते लुकलुकतं. डबल बफरिंग चालू करा, म्हणजे आख्खं चित्र आधी मेमरीत तयार होतं आणि मग एकदम स्क्रीनवर येतं. पॅनलची ही प्रॉपर्टी बाहेरून बदलता येत नाही, त्यामुळे पॅनलवरून स्वतःचा क्लास बनवायचा आणि कन्स्ट्रक्टरमध्ये डबलबफर्ड ट्रू करायचं. क्रिएटग्राफिक्स कुठे वापरलं असेल तर काढून टाका, ते बफरला वगळून थेट स्क्रीनवर काढतं. सगळं ऑनपेंटमध्येच काढा, म्हणजे पॅनल रंगवायची वेळ आली की आपोआप चालतं त्या फंक्शनमध्ये.

आता खरं दुखणं. तुमचं पॅनल असेल समजा 1200 पिक्सेल रुंद, त्यात लाख पॉइंट म्हणजे एकेका पिक्सेलवर ऐंशीच्या वर पॉइंट एकावर एक, ते कोणाला दिसणार? बरेच जण मग दर दहावा पॉइंट घेतात, पण व्हायब्रेशनमध्ये तसं अजिबात करू नका! बेअरिंग जायला लागलं की जो एखादा उंच झटका येतो तोच नेमका गळून जाईल आणि ऑपरेटर निवांत राहील. त्यापेक्षा प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला आलेल्या पॉइंटमधला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा घ्या आणि तेवढीच उभी रेघ मारा. लाखाच्या जागी 1200 रेघा, आणि झटका जिथल्या तिथे दिसतो. हे लहान-मोठे आकडे डेटा येतानाच काढून ठेवा म्हणजे ऑनपेंटमध्ये हिशोब उरत नाही.

पेन दरवेळी नवीन बनवू नका, जाडी 1 पिक्सेलच ठेवा, अँटीअलायझिंग (रेघांच्या कडा गुळगुळीत करणं) बंद. मागची जाळी आणि आकडे एका बिटमॅपवर एकदाच काढून ठेवा.

बटणं अडकतात कारण बहुतेक सिरियल पोर्टवरून डेटा आला रे आला की तुम्ही रिफ्रेश करताय, म्हणजे चित्र तिथल्या तिथे पुन्हा काढायला लावताय. डेटा नुसता बफरमध्ये टाका आणि टायमरने सेकंदाला दहा-पंधरा वेळा इनव्हॅलिडेट करा (म्हणजे 'सवडीने पुन्हा काढ' एवढंच सांगा), विनफॉर्म्सचा टायमर तसाही 55 मिलिसेकंदांपेक्षा बारीक भरवशाचा नाही.

एवढं करून ऑनपेंटला स्टॉपवॉच लावून बघा, तरीही 30-40 मिलिसेकंद लागत असतील तर मग डायरेक्ट टूडी ही विंडोजची चित्रं काढायची दुसरी लायब्ररी वापरा, ती विंडोज 7 पासून आहे आणि तिथे मात्र ग्राफिक्स कार्ड कामाला येतं.