आधी ड्रॉवर उलटा करा, मग बोला

जुनं लाकूड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, पुढच्या महिन्यात भाड्याच्या घरात जायचंय. सासूबाईंचं आरशाचं ड्रेसिंग टेबल आहे, तीन ड्रॉवर, पायाला चिनीमातीची छोटी चाकं. जुनं फर्निचर घेणारा एक जण येऊन गेला, म्हणाला १८२० सालचं व्हिक्टोरियन रोझवूड आहे पण हल्ली असलं कोण घेतं, तरी तुमच्यासाठी आठ हजार देतो. देऊ का?
– एक वाचक, ठाणे

ताई, व्हिक्टोरिया राणी गादीवर आली १८३७ ला आणि गेली १९०१ ला, त्यामुळे १८२० चं व्हिक्टोरियन म्हणजे लग्नाआधीच बारसं झालं. आणि हल्ली असलं कोण घेतं म्हणणारा माणूस घ्यायलाच तर तुमच्या दारात उभा होता ना! पण तो चुकला म्हणून टेबल नवीन आहे असंही नाही, ते आपण बघू.

समोरची नक्षी सोडा, ती कोणीही करतो. एक ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, चादरीवर उलटा ठेवा आणि मोबाईलचा टॉर्च आडवा धरा. खालच्या फळीवरून बोटं फिरवली की हलक्या लाटा लागतात का? हाताने रंधा मारलेल्या लाकडाला त्या लागतातच, कारण जिथे कोणी बघणार नाही तिथे सुतार कशाला गुळगुळीत करत बसेल. करवतीचे ओरखडे सरळ असतील तर हाताची करवत असू शकते, कमानीसारखे गोल असतील तर गोल पात्याचं मशीन, आणि ते मशीन व्हिक्टोरियाच्या काळात होतंच म्हणून गोल ओरखडे दिसले की लगेच हिरमुसू नका. कोपऱ्यातले सांधे बघा, दात एकमेकांत अडकवलेले असतात ते, सुतार त्याला डव्हटेल म्हणतात. हातचे असतील तर सगळे दात एकसारखे नसतात, एखादा बारीक, एखादा जाड, आणि शेजारी पेन्सिलने नाहीतर अणकुचीने मारलेली आखणीची रेघ बहुतेक वेळा तशीच राहिलेली असते. मला तरी अख्ख्या टेबलात ती रेघच सगळ्यात आवडते.

आता लाकूड. इंग्लंडमधल्या सुताराने दर्शनी भाग महोगनीचा किंवा अक्रोडाचा केला तरी ड्रॉवरचा तळ, मागची फळी असं न दिसणारं काम बऱ्याचदा स्वस्त पाइनमध्ये उरकलेलं असतं. आपल्याकडच्या सुतारांनी त्याच डिझाइनबरहुकूम केलं त्यात मात्र हे न दिसणारं कामही बऱ्याचदा सागवानी, कारण साग हाताशी होता. म्हणजे ड्रॉवरच्या पोटात साग निघाला तर टेबल बहुतेक बोटीतून आलेलं नाही, इथेच कुठेतरी झालंय. यात कमीपणा काही नाही हं, एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवीचं (तो रोझवूड म्हणाला तेच) कोरीव फर्निचर व्हायचं त्याला आज बॉम्बे ब्लॅकवुड म्हणून गोळा करणारे लोक आहेत. फक्त एक लक्षात ठेवा, आपल्याकडे ही डिझाइन्स राणी गेल्यावरही कितीतरी वर्षं चालू होती, त्यामुळे इथलं काम बघून साल सांगणं जास्त कठीण. तुमचं शिसवी आहे की सागाला काळपट पॉलिश मारलंय हे ड्रॉवर उचलल्यावर मनगटालाच कळेल, शिसवी चांगलीच जड असते.

कुलपावर मुकुट आणि इंग्रजी व्ही आर ही अक्षरं असतील तर छान, ती राणीचीच. स्क्रू चार खाचांचा, म्हणजे फुलीवाला, असेल तर तो १९३० नंतरचा, पण एका स्क्रूवरून निकाल देऊ नका, मधे कोणीतरी दुरुस्ती केलेली असते. मागे प्लायवूड असेल तर तीही नंतरची दुरुस्ती असू शकते. आरसा मात्र जपा. त्याला काळे ठिपके आले असतील तर काच बदलू नका आणि मागचा थर तर अजिबात खरवडू नका, जुन्या आरशांना मागे कथील आणि पारा असायचा, पारा विषारी. चांदीचा थर द्यायची रीत लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या १८३५ च्या शोधानंतरची, आणि त्यानंतरही पाऱ्याचे आरसे बरीच वर्षं बनत होते.

किमतीचं म्हणाल तर लाखांची स्वप्नं बघू नका. खुद्द इंग्लंडमध्ये या काळ्या-तपकिरी जड फर्निचरचा भाव गेल्या वीसेक वर्षांत बराच उतरलाय. पण ड्रॉवर न बघता आठ हजारांना? छे. नातेवाइकांकडे एखादी रिकामी खोली असेल तर तिथे ठेवा थोडे दिवस.

प्रश्न : आजोबांचं लिहायचं टेबल आहे, वरती चहाच्या कपांचे पांढरे गोल उठलेत. पॉलिशवाला म्हणतो सगळं मशीनने घासून पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, मारू, शोरूमसारखं होईल. एक पाय हलतो त्यात फेव्हिकॉल भरून खिळा ठोकतो म्हणतो.
– एक वाचक, घोडबंदर रोड

त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या. चहा त्या टेबलावर ठेवू नका म्हणजे झालं.

पांढरा डाग म्हणजे ओल किंवा वाफ पॉलिशमध्ये अडकलीय, लाकडापर्यंत गेलेली नाही. काळा डाग असता तर गोष्ट वेगळी, तो लाकडात मुरलेला असतो. आधी पॉलिश कुठलं ते बघा. टेबलाच्या खालच्या बाजूला, जिथे पॉलिश आहे पण दिसत नाही अशा जागी स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस मिनिटभर टेकवा, चिकट झालं तर ते लाखेचं, म्हणजे फ्रेंच पॉलिश. पीयूला स्पिरिटने काही होत नाही. लाखेचं निघालं तर तुमचं नशीब चांगलं, कारण लाख स्पिरिटमध्ये परत विरघळते. मलमलच्या फडक्यात कापसाचा बोळा बांधायचा, त्याला स्पिरिटचा नुसता वास लागेल इतकंच स्पिरिट लावायचं, आणि डागावरून उडतउडत फिरवायचं, थांबायचं नाही, थांबलात की पॉलिश उचकटून बोळ्याला आलं म्हणून समजा. डाग पुसट झाला की त्या दिवशी हात लावू नका. आणि हे पावसाळ्यात करू नका, घोडबंदरला खाडीची हवा, ओल्या हवेत लाखेचं पॉलिश आपणहून पांढरं पडतं, कुठल्याही जुन्या पॉलिशवाल्याला विचारा.

मशीनबद्दल मी एवढा चिडून का बोलतोय तर मी स्वतः हे केलंय. अक्रोडाच्या व्हिनिअरचं, म्हणजे वरून अक्रोडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेलं, एक डेस्क होतं, घाईत एका पोराला मशीन फिरवायला दिलं आणि मी फोनवर बोलायला बाहेर गेलो, पाच मिनिटं फक्त. परत आलो तर उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढं व्हिनिअर उडून खालचं पिवळं लाकूड वर आलेलं. आज पंधरा वर्षं तिथे टेबल फॅन ठेवलेला आहे.

पायाचं म्हणाल तर जुना सांधा सरसाने चिकटवलेला असतो. सरस म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांचा गोंद, तो गरम ओलाव्याने मऊ होतो, सांधा सुटतो, साफ करून गरम सरस लावून परत घट्ट बसतो. फेव्हिकॉल नवीन फर्निचरला उत्तमच, पण जुन्या सांध्यात एकदा भरला की पुढच्या वेळी सांधा सुटता सुटत नाही, मग लाकूडच फाटतं. खिळ्याने तर नक्की फाटतं.

प्रश्न : मुलगी लंडनला असते, तिला पणजोबांची नक्षीदार खुर्ची तिकडे हवी आहे. कुरिअरवाला पाठवतो म्हणाला. – एक वाचक, वाशी

काका, थांबा. पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी कलाकुसरीची वस्तू आपल्याला खासगीत देशाबाहेर नेता येत नाही, घरची असली तरी. खुर्ची शंभरच्या आतली वाटत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नाही असं सर्टिफिकेट आधी घ्या, मग पॅकिंग. शिसवी असेल तर त्या लाकडाच्या निर्यातीचेही वेगळे नियम आहेत, आणि कुठे हस्तिदंत जडवलेला असेल तर विषयच सोडा. मुलीला म्हणावं गणपतीला ये आणि बस त्या खुर्चीवर.

प्रश्न : जुलै लागला की जुन्या कपाटाचा खालचा ड्रॉवर अडकतो. सुतार रंधा मारून देतो म्हणतो. – एक वाचक, ऐरोली

मारू देऊ नका. लाकूड पावसात फुगतं आणि थंडीत परत आकसतं, आत्ता तासलंत तर डिसेंबरमध्ये तोच ड्रॉवर खुळखुळ्यासारखा हलेल. जिथे घासतंय तिथे साधी मेणबत्ती घासा. तरी नाहीच निघाला तर दिवाळीपर्यंत मोजे वरच्या ड्रॉवरमध्ये ठेवा.