वरूडला यंत्र नेण्याआधी

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. वरूडच्या बगिच्यात बसून ग्रीनिंग हा जिवाणूमुळं होणारा रोग लागलेल्या संत्र्याचा डीएनए तिथंच वाचायचा, हा बेत ऐकून बरं वाटलं अन् धास्तीही. मिनआयन हे डीएनए वाचायचं यंत्र आहेच तसं. जेमतेम शंभर ग्रॅमचं, लॅपटॉपला जोडलं की चालू. 2015 मध्ये गिनीत इबोलाचे नमुने त्यावर वाचले, 2016 मध्ये ते अंतराळ स्थानकात गेलं. मग वरूड काय लांब आहे, बाप्पा!

पण तुला शोधायचं काय आहे? झाडाला ग्रीनिंग आहे की नाही एवढंच असेल, तर पीसीआर, म्हणजे जिवाणूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून बघायची चाचणी, कर अन् फ्लो सेलचे, म्हणजे मिनआयनमध्ये बसणाऱ्या छिद्रांच्या पट्टीचे, पैसे वाचव. हा जिवाणू अन्नरसाच्या नलिकांतच राहतो, तोही झाडभर सारखा नाही. पानातून काढलेला डीएनए बहुतेक संत्र्याचाच निघेल.

जिवाणूचा अख्खा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएची सगळी सुमारे 12 लाख अक्षरं (ए, टी, जी, सी), सलग लावायचा असेल तर मात्र नॅनोपोरच, म्हणजे मिनआयनसारखं बारीक छिद्रातून डीएनए वाचणारं यंत्रच, घे. हजारो अक्षरांचा धागा एका दमात छिद्रातून जातो. जिथं तोच मजकूर पुन्हा पुन्हा येतो, तिथं तोकडे तुकडे वाचणाऱ्या यंत्राला चकवा लागतो; हे सरळ पार होतं.

याची खोड वेगळी. हे अक्षर बघत नाही, छिद्रातला विद्युतप्रवाह मोजतं. आठ ए ओळीनं आले की प्रवाह जवळपास तसाच राहतो, मग ते सात होते की नऊ याचा घोळ. आर10 नावाच्या प्रकारातल्या छिद्रांनी तो बराच कमी केला, संपवला नाही. अन् अशा जागी वाचनं वाढवून भागत नाही, कारण सगळे धागे तीच चूक करू शकतात. तिथं सापडलेला बदल इल्युमिना या तोकडे तुकडे वाचणाऱ्या यंत्रावर ताडल्याशिवाय कुणाला सांगू नको.

खरी मेहनत पानात आहे. मधली शीर कापून घे. संत्र्याच्या पानातला चिकटा अन् फिनॉल डीएनएसोबत आले की छिद्रं बुजतात. नमुना व्हॉर्टेक्स या ढवळायच्या यंत्रावर गरगर फिरवलास तर लांब धाग्यांचा भुगा होईल. नळी हातानंच हळू उलटी-सुलटी कर.

फ्लो सेल भरताना माझ्या हातून एकदा हवेचा बुडबुडा आत गेला. स्क्रीनवरची छिद्रं बघता बघता मेली. मी अर्धा तास तसाच बसून होतो. तू पिपेटमधला शेवटचा थेंब आत ढकलूच नको, राहू दे.

अन् फ्लो सेल 2 ते 8 अंशांत ठेवावा लागतो. लाइट कधी जाईल याचा तिथं भरवसा नाही, बर्फाची पेटी घेऊनच निघ.