फिरता फिरता कमाई: वाचक विचारतात

सातारा-सांगलीकडच्या वाचकांचे हे पाच प्रश्न. रोख सगळ्यांचा एकच: लॅपटॉप पाठीला लावून हिंडायचं आणि हिंडण्याचा खर्च त्यातूनच निघाला पाहिजे.

प्रश्न: मी घरून इंग्रजी-मराठी भाषांतराची आणि सबटायटलची कामं करते. आता काही महिने बामणोली, तापोळा, महाबळेश्वर असं मुक्काम बदलत काम करावं म्हणते. जमेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: फिरतीवर याहून सोयीचं काम क्वचितच मिळेल. तासाभराच्या व्हिडिओची एसआरटी, म्हणजे सबटायटलची फाइल शे-दोनशे केबीची. फोनवर रेंजची एक काडी असली तरी जाते. जड असतो तो मूळ व्हिडिओ. म्हणून क्लायंटकडून 480पी ची हलकी प्रत मागून घ्या आणि साताऱ्यातून निघायच्या आधीच ती उतरवून ठेवा. ‘सबटायटल एडिट’ हे मोफत सॉफ्टवेअर इंटरनेट नसतानाही चालतं.

खरी फसगत फाइल सेव्ह करताना होते. नोटपॅडमध्ये एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, ‘एएनएसआय’ राहिली तर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात, आणि त्या प्रश्नचिन्हांतून मजकूर परत मिळत नाही. सेव्ह करताना ‘यूटीएफ-8’ निवडा, फाइल बंद करून पुन्हा उघडून बघा, मगच पाठवा. क्लायंटने श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दिला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. त्यात रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात. ‘कार्य’चं काय झालंय ते डोळ्यांनीच तपासावं लागतं.

आता रेंज. कास ओलांडून बामणोलीकडे उतरायला लागलं की तिचा भरवसा धरू नका. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम जवळ हवीत. एकाच कंपनीची दोन असून उपयोग नाही, टॉवर एकच. खोली ठरवताना मालकाला ‘वायफाय आहे का’ असं विचारलंत तर उत्तर ‘हो’ असंच येणार. त्याऐवजी रात्री नऊच्या सुमाराला घेतलेल्या स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट मागवा आणि त्यातला अपलोडचा आकडा बघा. व्हिडिओ कॉलला तासाला जीबीभर डेटा सहज जातो. कॅमेरा बंद ठेवून नुसतं बोललात तर शंभर एमबीच्या आत भागतं.

महाबळेश्वरात पावसाळ्यात खोल्या स्वस्त मिळतात, त्याला भुलू नका. तिथे वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. लाइट जाते, राउटर बंद पडतो, बॅगेतल्या लेन्सवर बुरशी चढते. जुलै-ऑगस्ट वाई किंवा साताऱ्यात काढा आणि वर ऑक्टोबरात जा. आणखी एक: ज्या दिवशी मुक्काम हलवायचा त्या दिवशी एकही काम द्यायचं ठेवू नका. दुसऱ्या दिवशीची तारीख कबूल करा.

प्रश्न: गडकिल्ल्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतो, कासच्या फुलांचे फोटोही बरेच आहेत. पैसे कधी सुरू होतात? (एक वाचक, कराड)

उत्तर: जाहिरातींचा वाटा मिळायला 1,000 सबस्क्रायबर लागतात. शिवाय मागच्या 12 महिन्यांत 4,000 तास पाहिलेलं असावं लागतं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज. लांब व्हिडिओच्या जाहिरातींतला 55 टक्के वाटा तुमचा. पण पाहिले तास गोळा होईपर्यंतचे पेट्रोलचे पैसे कुठून येणार, हे आधी ठरवा. ‘चॅनल चालला की निघू’ असं म्हणणाऱ्यांचे चॅनल बहुधा चालत नाहीत.

अडचण येते ती टपालाची. ॲडसेन्सच्या, म्हणजे यूट्यूबचे पैसे ज्यातून मिळतात त्या गुगलच्या खात्यात 10 डॉलर जमले की पत्ता पडताळण्यासाठी पिन साध्या टपालाने येतो. पोचायला दोन-चार आठवडे लागतात आणि चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती थांबतात. तेव्हा पत्ता फिरतीतल्या खोलीचा देऊ नका. जिथे पोस्टमन घरच्यांना ओळखतो तोच द्या. पैसे 100 डॉलर पुरे झाल्यावरच सुटतात, साधारण 21 ते 26 तारखेच्या दरम्यान. अमेरिकेच्या कराचा फॉर्मही लगेच भरा. भरला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर कर कापतात. नाही भरला तर सगळ्या जगातल्या कमाईला कात्री लागते.

अपलोडचं गणित असं. 8 एमबीपीएसने (सेकंदाला 8 मेगाबिट, म्हणजे 1 एमबी) काढलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ साधारण 600 एमबीचा होतो. लॉजच्या वायफायला 2 एमबीपीएस अपलोड असेल तर तो चढायला 40 मिनिटं लागणार. मध्येच तुटलं तर 24 तासांच्या आत तीच फाइल पुन्हा निवडा, जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं.

फोटोंचं म्हणाल तर ॲडोबी स्टॉक ही फोटो विकणारी वेबसाइट विक्रीचा 33 टक्के वाटा देते आणि 25 डॉलर जमल्यावर पैसे काढता येतात. फोटो किमान 4 मेगापिक्सेलचा हवा. ‘गुलाबी फूल’ असं नाव दिलेला फोटो लाखोंच्या गर्दीत बुडतो. कारवी असेल तर ‘स्ट्रोबिलँथिस’ असं शास्त्रीय नाव, सोबत ‘कास पठार’, ‘पश्चिम घाट’, ‘जागतिक वारसा’ हे शब्द इंग्रजीत द्या. पाठ्यपुस्तकं आणि मासिकांसाठी फोटो शोधणारे तसंच शोधतात. चेहरा ओळखू येत असेल तर त्या माणसाची सही घेतलेलं संमतीपत्र लागतं. डोंगरावर भेटलेल्या गुराख्याला नंतर कुठे शोधणार? तिथेच सही घ्या. ड्रोन मात्र वन विभागाला विचारल्याशिवाय उडवू नका.

प्रश्न: मी वेबसाइट बनवतो. आता परदेशी क्लायंट मिळालाय. पैसे कसे घ्यावेत, आणि कराचं काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर: आधी कापाकापी समजून घ्या. फाइव्हर या फ्रीलान्स कामांच्या वेबसाइटवर 100 डॉलरचं काम केलंत की 20 डॉलर तेच ठेवतात, उरलेले 80 काम पूर्ण झाल्यावर साधारण 14 दिवसांनी मोकळे होतात. रुपयांत बदलताना बाजारभावापेक्षा दोन-चार टक्के कमी दर लागू शकतो. क्लायंट थेट असेल तर बँकेत परदेशी ट्रान्सफर किंवा पेपालसारखी सेवा. दोन्हींचा हिशोब एकाच दिवशीच्या दराने मांडून बघा. ‘फी शून्य’ अशी जाहिरात करणारे ती दरातच लपवतात.

अडतं ते बहुधा नावापाशी. आपल्याकडे पासबुकावर आडनाव आधी, पॅनवर नाव आधी, आधारवर वडिलांचं नाव मध्ये. तिन्हींत फरक असला की केवायसी अडकते आणि पैसे मध्येच लटकतात. फिरायला निघण्याआधीच बँकेत जाऊन हे सरळ करून घ्या. दुसऱ्या गावातल्या शाखेत यासाठी तिष्ठत बसावं लागेल. दुसरी खोच पर्पज कोडची, म्हणजे परदेशातून पैसे कशासाठी आले ते बँकेला सांगणाऱ्या कोडची. सॉफ्टवेअर सेवेसाठी ‘पी0802’ आहे. घाईत कुणी ‘कुटुंबाच्या खर्चासाठी’चा पर्याय निवडतं, मग ही रक्कम सेवेच्या निर्यातीची होती हे सिद्ध करताना नाकीनऊ येतात. दर वेळी बँकेकडून परदेशी रक्कम आल्याचा दाखला घ्या आणि इन्व्हॉइससोबत ठेवा.

करात ही कमाई पगारात नव्हे, व्यवसायात मोडते. ठरावीक व्यवसायांना वर्षाच्या जमेच्या निम्मी रक्कम नफा धरून कर भरायची सोय आहे. जमेची मर्यादा 50 लाख. रोखीचा भाग 5 टक्क्यांच्या आत असला तर 75 लाख. या सोयीत तुमचं काम कुठल्या सदरात बसतं ते सीएकडून ठरवून घ्या. वर्षाचा कर 10,000 रुपयांच्या वर जात असेल तर आगाऊ कर लागतो. ही सोय घेतलेल्यांना तो 15 मार्चपर्यंत एकरकमी भरता येतो. भारतातला क्लायंट टीडीएस कापेल, तो 26एएस या आयकर खात्याच्या नोंदीत दिसतो का बघा. दिसला नाही तर रिटर्नमध्ये मागूनही मिळणं अवघड.

जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की. नोंदणी झाल्यावर परदेशी कामावर कर शून्य, पण त्यासाठी एलयूटी हे हमीपत्र दर आर्थिक वर्षी नव्याने भरायचं. ते विसरलात तर आधी कर भरा आणि मग परतावा मागत बसा.

प्रश्न: टेलिग्रामवर हॉटेलांना रेटिंग द्यायचं काम आलंय. पहिले 150 रुपये खरंच खात्यात आले. पुढे 5,000 भरले की 7,000 मिळतील म्हणतात. (एक वाचक, मिरज)

उत्तर: भरू नका. ते 150 रुपये गळाला लावलेलं आमिष आहे. पुढे ॲपवर तुमची शिल्लक वाढताना दिसेल आणि काढायला गेलात की ‘आधी टॅक्स भरा’ म्हणतील. तुम्हाला आलेले पैसे दुसऱ्या फसलेल्या माणसाच्या खात्यातूनही आलेले असू शकतात. त्याने तक्रार केली की तुमचंही खातं गोठू शकतं. ‘खातं भाड्याने द्या’ म्हणणाऱ्यांना तर दारातही उभं करू नका, त्यात थेट गुन्हा दाखल होतो. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता 1930 वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार झाली तरच ते थांबवता येतात.

प्रश्न: 20,000 एमएएचची पॉवर बँक लॅपटॉपला पुरेल का? (एक वाचक, वाई)

उत्तर: एकदा. 20,000 एमएएच म्हणजे 3.7 व्होल्टला 74 वॉट-तास. रूपांतरात जाऊन हाती 45-50 उरतात, म्हणजे साध्या लॅपटॉपची एक बॅटरी. टाइप-सी पोर्टवर 45 किंवा 65 वॉटचं पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे जलद चार्जिंग) असल्याची खात्री करा. 18 वॉटवाली लावलीत तर लॅपटॉप चार्जिंग घेतच नाही, किंवा चालू असताना बॅटरी उतरतच राहते. विमानात ती हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते, 100 वॉट-तासांपर्यंत.