पीसी कधी सुरू होतो, कधी 'बूट डिव्हाइस सापडत नाही' म्हणतो. काय बघावं?

तुम्ही म्हणता, हे अधूनमधून सकाळीच होतं आणि तेव्हा तारीखही मागे गेलेली असते. मग आधी मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदला. तो बहुतेक सीआर२०३२, ३ व्होल्टचा असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो. सेल उतरला की भिंतीवरचं बटण बंद केलेल्या रात्री बायोसची (पीसी सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामची) सेटिंग्ज पुसली जातात. त्यात बूटचा क्रम (कोणत्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचं) किंवा साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) बदलला की विंडोज सापडत नाही. बटण चालूच ठेवलं तर सकाळी त्रास नाही, म्हणून तो 'कधी कधी'चा वाटतो. भिंतीतली पिन काढूनच कॅबिनेट उघडा. नवा सेल बसवल्यावर बायोसमध्ये तारीख, साटा मोड आणि बूटचा क्रम पूर्वीसारखा करून सेव्ह करा.

तारीख बरोबर राहूनही एरर आली तर संशय साटा केबलवर, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या वायरवर. दोन्ही टोकं काढून घट्ट बसवा, शक्यतो केबलच बदला. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये सीआरसी एरर (डेटा ये-जा करताना होणाऱ्या चुका) वाढत असतील तर दोष बहुधा केबलचा. 'रीअलोकेटेड सेक्टर' (खराब झाल्याने डिस्कने बदललेले भाग) वाढत असतील तर डिस्कच जातेय.

आणि कृपा करून, हे सगळं करण्याआधी, आज पीसी सुरू झालाय तोवरच, घरचे फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या.