दिग्दर्शक की दिग्दर्शिका? आणि नाटक लिहिणाऱ्या बाईला काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय: त्रिपुरारी शर्मांवर मराठीत छोटा लेख लिहायचाय, त्यात 'स्त्रीवादी दिग्दर्शिका' लिहायचं की 'दिग्दर्शक', नाटककारचं स्त्रीलिंग काय, आणि शिक्षक लिहायचं की शिक्षिका?

प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण नेमक्या या नावावर मराठी वाचक अडखळतो. त्रिपुरारी म्हणजे शंकर, आपल्याकडे पुरुषाचंच नाव. त्यात 'नाटककार-दिग्दर्शक त्रिपुरारी शर्मा' असं छापलं की दहातले नऊ जण बाप्याच समजणार. आणि बाई तर अशा की आयुष्यभर त्यांनी बायकांच्याच गोष्टी रंगमंचावर आणल्या. १९७९ साली दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून बाहेर पडल्या, पुढे तिथेच कितीतरी वर्षं शिकवलं, १९८३ मध्ये 'अलारिप्पु' ही संस्था काढली, गावोगावच्या लोकांबरोबर आणि बायकांबरोबर कार्यशाळा घेऊन त्यातून नाटकं उभी केली. 'बहू', 'काठ की गाड़ी', आणि १८५७ च्या उठावातली कानपूरची तवायफ अज़ीज़ुन हिच्यावरचं नाटक ही त्यांचीच. २०२३ मध्ये गेल्या.

आता व्याकरण. लेखक-लेखिका, गायक-गायिका, शिक्षक-शिक्षिका, तसंच दिग्दर्शक-दिग्दर्शिका, शब्द शंभर टक्के शुद्ध आहे, त्याला चूक म्हणणारं कुणी भेटलं तर ऐकू नका. पण कानाला तो 'लेखिका'सारखा सहज का लागत नाही यावर मी बराच विचार केलाय. मला वाटतं, मराठीत '-इका' हा प्रत्यय दोन कामं करतो. एक बाईचं, आणि दुसरं लहान वस्तूचं: पुस्तक-पुस्तिका, नाटक-नाटिका. त्यातही 'दर्शिका' म्हटलं की आपल्याला भिंतीवरची दिनदर्शिका आठवते. मार्गदर्शक हा माणूस, पण मार्गदर्शिका म्हणजे परीक्षेच्या आधी विकत घेतात ती पुस्तिका! म्हणून 'दिग्दर्शिका'ला कागदाचा वास येतो, तो 'गायिका'ला येत नाही. शब्द नियमानं बरोबर, पण त्याचे शेजारी असे आहेत.

नाटककारची गोष्ट वेगळी. '-कार'ला मराठीत स्त्रीलिंग नव्हतंच असं नाही बरं का. कुंभकारचा कुंभार झाला आणि त्याची कुंभारीण, सुवर्णकारचा सोनार आणि सोनारीण. पण हे '-ईण' बहुतेक वेळा 'त्याची बायको' या अर्थाकडे सरकतं. डॉक्टरीणबाई म्हणजे स्वतः डॉक्टर की डॉक्टरांची मिसेस हे विचारावंच लागायचं. संस्कृतवाल्यांनी निदान हा घोळ नीट सोडवला होता: स्वतः शिकवते ती आचार्या, आचार्यांची बायको ती आचार्यानी. मराठीत ते काही उतरलं नाही, आणि 'नाटककारीण' कुणी म्हणत नाही, म्हणूही नये. गिरिजाबाई केळकरांनी खाडिलकरांच्या 'बायकांचे बंड'ला उत्तर म्हणून 'पुरुषांचे बंड' लिहिलं, १९२८ साली नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं, त्यांना आपण नाटककारच म्हणतो आणि त्यात त्यांचं बाईपण कुठे हरवत नाही. का हरवत नाही? कारण पुढे 'होत्या' येतं.

माझ्या मते सगळं उत्तर इथेच आहे. मराठीत लिंग सांगायची जबाबदारी एकट्या नामावर नसते. 'त्रिपुरारी शर्मा या नाटककार आणि दिग्दर्शक होत्या', एवढ्या एका 'या'नं आणि 'होत्या'नं काम होतं. एकेरीत 'ती चांगली दिग्दर्शक आहे', इथे 'चांगली' सांगतंच. फक्त विशेषणं जपून निवडा, ज्येष्ठ, प्रसिद्ध, स्त्रीवादी ही बदलत नाहीत, 'स्त्रीवादी दिग्दर्शक' पुरुषही असू शकतो.

पण एका ठिकाणी ही युक्ती फसते आणि ते बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. हे वाक्य बघा: 'त्या दिग्दर्शकानं तालीम थांबवली.' 'थांबवली' हे तालमीमुळे आलंय, तालीम स्त्रीलिंगी म्हणून, दिग्दर्शकाशी त्याचा काही संबंध नाही. 'त्या' पण फसवं, त्या मुलानं आणि त्या मुलीनं, दोन्हीकडे तेच. म्हणजे करणारी व्यक्ती बाई होती हे अख्ख्या वाक्यात कुठेच दिसत नाही आणि वाचणारा सवयीनं पुरुष धरून चालतो. इथे मात्र मी बिनधास्त 'दिग्दर्शिकेनं तालीम थांबवली' लिहीन. नाहीतर मग सरळ नाव घ्या नाहीतर 'बाईंनी' म्हणा. पोस्टरवर, श्रेयनामावलीत, जिथे क्रियापदच नसतं तिथेही, आणि नाव त्रिपुरारीसारखं असेल तर नक्कीच, 'दिग्दर्शिका' छापावं असं माझं ठाम मत आहे. बाईनं केलेलं काम दुसऱ्याच्या खात्यावर जायला नको.

जाता जाता, अज़ीज़ुनचं नाटक याच प्रश्नाला येऊन भिडतं. तवायफ हा शब्दच बाईचा, आणि ती सत्तावनच्या धामधुमीत होते सिपाही, जो शब्द ऐकला की पुरुष डोळ्यापुढे येतो. तिच्यासाठी वेगळा शब्द नव्हता, आजही आपण 'महिला शिपाई' म्हणून जोडकामच करतो.

शिक्षिका लिहायला माझी काहीच हरकत नाही, शब्द घरोघरी रुळलाय, त्यात लहानपणा अजिबात वाटत नाही. नाट्यशिक्षिका लिहा, खुशाल. खरं तर या अर्थाचा आपला सगळ्यात जिवंत शब्द 'बाई'. शाळेतल्या बाई, आणि नाटकवाल्यांमध्ये विजया मेहता म्हणजे नुसतंच 'बाई', पुढे नाव लावायची गरज नाही, त्यांच्या 'रंगायन' या नाट्यसंस्थेच्या काळापासूनचा तो मान आहे. हिंदीत या शब्दाला वेगळे अर्थ चिकटलेत, तो मान तिथे नाही, तरी मराठी लेखात 'शर्माबाई' म्हणालात तर इथल्या वाचकाला ते आदराचंच वाटेल.

तर तुमचं पहिलं वाक्य मी असं करीन: 'त्रिपुरारी शर्मा या हिंदी रंगभूमीवरच्या स्त्रीवादी नाटककार, दिग्दर्शक आणि नाट्यशिक्षिका होत्या.' शीर्षकात मात्र जागा कमी आणि क्रियापद नाही, तिथे 'दिग्दर्शिका' ठेवा.