परसबागेतली भुरी, पिठ्या ढेकूण आणि चुरडलेली मिरची: सोलापूरकरांच्या प्रश्नांना उत्तरे

या आठवड्यात शेताइतकेच प्रश्न गच्चीवरच्या कुंड्यांचे आले.

जुळे सोलापूरच्या एका ताईंनी विचारलंय: दोडक्याच्या पानावर पांढरी पावडर आलीय. पाणी कमी केलं, तरी वाढतेच आहे. काय करू?

ताई, ही भुरी. द्राक्षबागायतदार हिला चांगलं ओळखतात. पाण्यामुळे बुरशी येते हे बाकीच्या बुरशींना लागू आहे, भुरीला पान ओलं असावं लागत नाही. दिवसा कोरडी हवा, रात्री गारवा आणि वेलाची दाटी एवढं तिला पुरतं. म्हणून आपल्याकडे हिवाळ्यात ती हमखास येते. पाणी तोडून तुम्ही वेलालाच उपाशी ठेवलंत. जुनी, बुडातली पानं काढा, वेल मांडवावर पसरा. पाण्यात मिसळणारं गंधक 80 टक्के, लिटरला 2 ग्रॅम, सकाळी लवकर फवारा. काकडीवर्गीय वेलांना गंधक कधीकधी सोसत नाही, त्यामुळे आधी दोन पानांवर मारून दोन दिवस बघा. पारा पस्तिशीकडे गेला की गंधक नकोच, पान भाजतं. निंबतेल मारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या.

पानावर वरून पिवळे कोनदार डाग आणि खालून करडी लव दिसली तर तो केवडा. त्याला मात्र ओलं पान लागतं, आणि गंधक तिथे काही करत नाही.

अक्कलकोटहून दुसरा प्रश्न: जास्वंदीच्या शेंड्यांना कापूस लागलाय, ही पण भुरीच का?

बोटाने चोळून बघा. भुरी पिठासारखी पुसली जाते. कापसाखाली मऊ किडा चिरडला आणि बोट चिकट झालं, तर तो पिठ्या ढेकूण. खोडावर मुंगळ्यांची रांग असेलच, कारण त्यांना त्याचा गोड चिकटा हवा असतो, आणि त्यासाठी ते त्याच्या शत्रूंना हुसकावतात. मुंगळ्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय फवारणी म्हणजे पैसे वाया. भरलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाका, कंपाउंडपलीकडे भिरकावू नका. उरलेल्यांवर पाण्याचा जोरदार फवारा द्या, मग पाच टक्के निंबोळी अर्क: 50 ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, गाळून एक लिटर करायचं, चिमूटभर साबण घालायचा. आठवड्याने पुन्हा.

मिरची चुरडलीय, असं तर निम्म्या लोकांनी लिहिलंय. पान वर वळून वाटीसारखं झालं तर बहुधा फुलकिडे, खाली वळलं तर कोळी. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका. फुलकिडे बारीक रेघांसारखे चालतात. एप्रिल-मेच्या उन्हात लाल कोळीही जोर करतो, वांग्याच्या पानाखाली जाळी दिसली की समजा. कोळ्यावर साधं कीटकनाशक बऱ्याचदा चालत नाही, कारण तो कीटक नाहीच, आठ पायांचा आहे.

एका निनावी चिठ्ठीत गच्चीवरच्या गांजाच्या झाडाला भुरी आलीय, औषध सांगा, असं आहे. सांगणार नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं हाच गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कुंडीत लावलं म्हणून सूट नाही.

आता माझी एक तक्रार. शेतातलं उरलेलं औषध बाटलीच्या बुचाने मोजून घरच्या कोथिंबिरीवर मारणारे बरेच आहेत. त्या डब्यावर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, आणि कोथिंबीर तर संध्याकाळी आमटीत जाते. घरच्या भाजीला तसलं काही नको.

दुसरं, नळाला पाणी आलं त्या दिवशी कुंड्या काठोकाठ भरायच्या आणि मग चार दिवस कोरड्या ठेवायच्या, यानेही मुळं कुजतात. पिंपात साठवून रोज थोडं द्या.

नमुना दाखवायला आणाल तर पान कागदात गुंडाळून आणा. प्लास्टिकच्या पिशवीत ते घामेजतं, आणि ऑफिसात पोचेपर्यंत मूळ रोगावर दुसरीच बुरशी चढलेली असते.